इलेक्ट्रिक गाडी : दोन वर्षं, ३१ हजार किलोमीटर आणि अर्थिंगचा एक खड्डा

पायरी_आंबा :

दसऱ्याला आमच्या इलेक्ट्रिक गाडीला दोन वर्षं झाली. मीटर ३१ हजारांच्या थोडा पुढे आहे. ओळखीतलं कुणी ना कुणी दर आठवड्याला फोन करून "काय रे, घेऊ का?" विचारतं आणि दर वेळी तीच कॅसेट वाजवून माझा घसा बसलाय. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. पुढच्या वेळी दुवा पाठवला की सुटलो.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तिसऱ्या प्रतिसादापासून धागा त्यांच्या सर्व्हिस सेंटरवर घसरतो आणि मग परत येत नाही. बॅटरी ४० किलोवॅट-अवरची, म्हणजे आपल्या वीजबिलातली ४० युनिटं. कागदावर एका चार्जमध्ये सव्वाचारशेच्या वर जाते. प्रत्यक्षात पुण्यात एसी लावून २८०-२९०, आणि हायवेला ९५-१००ने हाकली तर २४०. ऐंशीने गेलं तर जास्त जाते, पण मग मागच्या सीटवरून टोमणे येतात.

रोजचं म्हणाल तर निव्वळ सुख. सिंहगड रस्ता ते खराडी, जाऊन-येऊन चाळीस-बेचाळीस किलोमीटर. क्लच नाही, गिअर नाही. मुंढव्याच्या पुलावर अर्धा तास अडकलं तरी गाडी गप्प उभी, थरथर नाही, धूर नाही. संध्याकाळी उतरताना डावा गुडघा धरावा लागत नाही, हे मी खर्चाच्या आधी लिहितोय, कारण पन्नाशीला टेकलेल्या माणसाला त्याचं मोल वेगळं असतं. ऑइल बदलणं नाही. ब्रेक पॅड अजून मूळचेच आहेत, कारण पाय उचलला की मोटरच गाडीला रोखते आणि ती वीज बॅटरीत परत जाते. टायर मात्र लवकर झिजले. गाडी जड आणि दाबताक्षणी पळणारी, त्यामुळे सिग्नलला हिरवा दिवा लागला की माणसाला मोह होतो. होतो म्हणजे मला झाला.

आता कटकट. गाडी बुक केली त्या दिवशी वाटलं होतं की अडचण रेंजची येईल. आली सोसायटीची. आमचं पार्किंग स्टिल्टमध्ये, मीटर रूमपासून ४२ मीटरवर. माझ्याच मीटरवरून माझ्याच जागेपर्यंत माझ्याच खर्चाने केबल ओढायला पाच महिने गेले. पहिल्या मीटिंगला "आग लागली तर?" दुसरीला "ट्रान्सफॉर्मरवर लोड येईल." तिसऱ्या मीटिंगला खरं कारण बाहेर आलं : "तुम्हाला दिलं की उद्या सगळे मागतील." मी वीज मंत्रालयाची जानेवारी २०२२ची मार्गदर्शक तत्त्वं छापून नेली. घरच्या असलेल्या जोडणीवरून आपली गाडी चार्ज करता येते असं त्यात स्पष्ट आहे. सेक्रेटरींनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली आणि म्हणाले, "यात सोसायटी हा शब्द कुठे आहे?"

शेवटी वीज कंपनीच्या शाखा अभियंत्याकडून लोड मंजूर करून आणला, परवानाधारक ठेकेदाराचं पत्र जोडलं, केबल पाइपातून नेण्याचं लिहून दिलं, तेव्हा ठराव झाला. तोवर पाच महिने मी ऑफिसच्या चार्जरवर आणि नवले पुलाजवळच्या एका सार्वजनिक चार्जरवर दिवस काढले. त्या पाच महिन्यांत मला कुणी विचारलं असतं तर मी "अजिबात घेऊ नका" म्हटलं असतं. आज विचारलं तर "घ्या" म्हणतो. गाडी तीच आहे.

बाकीचं प्रतिसादांत.

कट्ट्यावरचा :

वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत बसलोय.

कोकणात नेलीत का कधी? आमचं सगळं घोडं तिथे पेंड खातं. बायको म्हणते, गणपतीला आंबोली घाटात बॅटरी संपली तर गाडीला धक्का तू मारणार की मूषक?

गावठी_गणिती :

छान लिहिलंय, पण खर्चाचं एक वाक्य नाही. मी आकडे मांडतो, चुकलं तर धागाकर्त्यांनी कान धरावा.

३१ हजार दोन वर्षांत, म्हणजे महिना १३००. गाडी युनिटला सात किलोमीटर दाखवत असेल, पण चार्ज करताना दहा-बारा टक्के वीज उष्णतेत जाते, ती गाडीच्या पडद्यावर दिसत नाही, घरच्या मीटरवर दिसते. म्हणजे युनिटला सव्वासहा धरा. महिन्याला २१० युनिटं.

खरी मेख इथे आहे. घरचा वापर २२० असेल तर तुम्ही १०१ ते ३००च्या टप्प्यात सुखाने बसलेले असता. त्यात गाडीची २१० मिळवली की ४३० होतात आणि वरची १३० युनिटं ३०१ ते ५००च्या टप्प्यात जातात, जिथला दर अंगावर येतो. मग महिनाअखेरीस बिल बघून लोक म्हणतात, इलेक्ट्रिक परवडत नाही. गाडीचा दोष नाही, टप्प्याचा आहे. गाडीसाठी वेगळं मीटर घ्या. त्याला वेगळा दर लागतो, टप्पे नाहीत.

पेट्रोल पुण्यात शंभराच्या वर, गाडी शहरात लिटरला १५ देते असं धरलं तर किलोमीटरला सात रुपये. घरी वेगळ्या मीटरवर दीड रुपया. बाहेरच्या फास्ट चार्जरवर वीस-पंचवीस रुपये युनिट पडतं, म्हणजे साडेतीन-चार रुपये. फक्त बाहेर चार्ज करणार असाल तर निम्मी हवा तिथेच निघून जाते.

आता फरक. त्याच गाडीची पेट्रोल आवृत्ती साडेतीन लाखांनी स्वस्त धरा. किलोमीटरमागे साडेपाच वाचतात, म्हणजे ६४ हजार किलोमीटरला फिटंफाट. वर्षाला पाच हजार किलोमीटर चालवणाऱ्या आजोबांनी या हिशोबाने गाडी घेऊ नये, नातू मुंज करून लग्नाला येईल. आणि हो, २२ सप्टेंबर २०२५पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेसवरून १८वर आला. इलेक्ट्रिकवर २०१९पासून ५च आहे. म्हणजे इलेक्ट्रिकचा करातला फायदा कमी झाला. रस्ता कर आपल्याकडे इलेक्ट्रिकला माफ, पेट्रोलला ११-१२ टक्के, तेवढी बाजू अजून शाबूत आहे.

माझं स्वतःचं : सांगलीला घरावर तीन किलोवॅट सोलर. दिवसाला बारा युनिटांच्या आसपास देतं, पावसाळ्यात रडतं. केंद्राची ७८ हजारांची सबसिडी मिळाली. गाडी अजून घेतलेली नाही. बैल आधी बांधलाय, गाडी नंतर.

नाशिकचा_चिवडा :

सगळ्यांचा आदर ठेवून विरोधी मत.

माझी सीएनजी आहे. किलोला २६ जाते, किलोमीटरला साडेतीन रुपये. गाडी तुमच्यापेक्षा पाच लाखांनी स्वस्त पडली. त्या पाच लाखांचं व्याज मोजलंत का कुणी? रांग लागते हे खरं, पण रांगेत वीस मिनिटं आणि भरायला चार. तुमच्याकडे रांग नसली तरी पन्नास मिनिटं आणि असली तर एकाची पन्नास अधिक तुमची पन्नास.

शिवाय माझी गाडी बंद पडली तर सिन्नरचा कुठलाही मेकॅनिक बॉनेट उघडून आत डोकं घालतो. तुमच्या गाडीचं बॉनेट उघडून तो काय करणार, नमस्कार?

पायरी_आंबा :

@गावठी_गणिती, हिशोबात कान धरायला जागा नाही. माझं वेगळं मीटर केबलनंतर दोन महिन्यांनी आलं. त्याआधीची दोन बिलं फ्रेम करून ठेवावीत अशी आहेत.

@नाशिकचा_चिवडा, मेकॅनिकचा मुद्दा बरोबर आहे, पण गंमत ऐका. दोन वर्षांत गाडी एकदाच बंद पडली, तीही मोठ्या बॅटरीमुळे नाही. या गाड्यांत पूर्वीसारखीच एक छोटी १२ व्होल्टची बॅटरीही असते. दरवाजे, पडदा, कंट्रोलर सगळं तिच्यावर जागं होतं. ती गेली. गाडीच्या पोटात ७० टक्के चार्ज आणि दार उघडेना! पार्किंगबाहेरच्या चहाच्या टपरीवर एक रिक्षावाले काका बसले होते. त्यांनी रिक्षा आणून लावली, दोन वायरी जोडल्या, गाडी 'टुंग' करून उठली. पंधरा लाखांची गाडी रिक्षाने जिवंत केली. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. तात्पर्य वगैरे नाही, छोटी बॅटरी तिसऱ्या वर्षाआधी बदला.

@कट्ट्यावरचा, आता कोकण. हा भाग थोडा लांबेल.

सासर कुडाळ तालुक्यात. पुणे-कोल्हापूर-निपाणी-आजरा-आंबोली असा रस्ता, चारशेच्या आत-बाहेर. पहाटे पाचला शंभर टक्क्यांवर निघालो. खंबाटकी चढताना टक्के असे उतरतात की मीटरकडे बघू नये. कराडजवळ ३८ टक्के राहिले, तिथे चार्जर होता, चालू होता, रिकामा होता. पन्नास मिनिटांत मिसळ, दोन चहा आणि मुलीचा अर्धा अभ्यास. कोल्हापूरच्या पुढे पुन्हा अर्धा तास लावून ९० केले, कारण घाटात धोका नको. आंबोली उतरताना मात्र मुलं ओरडायला लागली, "बाबा, वाढतंय!" माथ्यावर ४७ होते, पायथ्याला ४९. पावणेसहाशे मीटर खाली उतरणारी, चार माणसांची जड गाडी स्वतःच दोन टक्के कमावते. परतीला चढताना त्याच घाटाने बारा-तेरा टक्के घेतले. घाट सावकार आहे, देताना दोन देतो आणि घेताना बारा.

सासरी पोचलो तेव्हा ३६ उरले होते. म्हटलं आता काय, रात्रभर १५ अँपिअरच्या प्लगला लावू, सकाळी भरलेली असेल. मागच्या पडवीत पंपाचा प्लग होता. लावला. चार्जरच्या डबीवर लाल दिवा. काढून पुन्हा लावला, पुन्हा लाल. एक्स्टेंशन बदललं, स्वयंपाकघरातला फ्रीजचा प्लग, देवघराबाहेरचा, माडीवरचा : लाल, लाल, लाल. सासरे मागून फिरत होते. शेवटी म्हणाले, "आमचो फ्रीज तेवीस वर्षां चलता याच प्लगावर. तुमच्या गाडयेक काय झाला?"

झालं होतं असं की घराला अर्थिंगच नव्हतं. तीन भोकांचे प्लग होते, वरच्या भोकात वायरच नाही. फ्रीज, मिक्सर, पंप कुणी तक्रार करत नाही. ही डबी मात्र आधी अर्थ तपासते, नसेल तर वीज सोडतच नाही.

गावच्या वायरमनला बोलावलं. तो आला, टेस्टर लावून बघितलं, आणि पहिला उपाय सुचवला तो म्हणजे प्लगातच न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकू, दिवा लगेच हिरवा होईल. मी नको म्हटलं. मग त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, खड्डा मारूया.

विहिरीजवळ, केळीच्या बुंध्याशी, जिथे जमीन ओली असते तिथे जागा धरली. जांभा फोडायला दोन माणसं आणि पहारी. दुपारी तीनपर्यंत कमरेएवढा खड्डा झाला. तळाला पत्रा, त्याला पट्टी बोल्टने घट्ट, वर कोळशाचा थर, जाड्या मिठाचा थर, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. सासूबाई पायरीवरून बघत होत्या. पाच किलो मीठ जमिनीत गेलेलं बघून त्यांना राहवेना, म्हणाल्या, "खारातल्या आंब्यांक तरी वापरला असता." वर माती, मध्ये पाणी ओतायला एक पाइप. विहिरीचं पाणी शेंदून पाच-सहा बादल्या ओतल्या. पट्टीवरून वायर पडवीत आणली.

दिवेलागणीला डबी लावली. लाल. सगळे गप्प. वायरमन म्हणाला थांबा, पाणी मुरू दे. आणखी दोन बादल्या. मग पुन्हा लावली आणि हिरवा दिवा लुकलुकायला लागला. शेजारची चार घरं जमली होती. कुणीतरी टाळी वाजवली. एवढा मान गाडीच्या पूजेलाही मिळाला नव्हता.

तरी साडेसातला पुन्हा बंद. या वेळी व्होल्टेज. गावभर टीव्ही आणि पंप सुरू झाले की १८०च्या खाली जातं, मग डबी स्वतःच हात वर करते. अकरानंतर व्होल्टेज आलं आणि सकाळी आठपर्यंत जवळपास साठ टक्क्यांची भर पडली. तेव्हापासून ती वेळ पाळतो.

तारतंत्री :

मी वायरिंगची कामं घेतो, म्हणून दोन शब्द.

धागाकर्त्यांनी न्यूट्रल-अर्थ जोडायला नकार दिला ते फार बरं केलं. हा जुगाड सर्रास चालतो आणि जोवर काही होत नाही तोवर सगळं छान दिसतं. पण खांबावरून येणारी न्यूट्रल कुठे तुटली किंवा सैल झाली की परतीची वीज त्या जोडावरून अर्थच्या तारेत शिरते आणि गाडीचा पत्रा जिवंत होतो. पावसात अनवाणी माणसाने दाराला हात लावला की संपलं. कुणी हिरवा दिवा दाखवून "झालं काम" म्हणत असेल तर अर्थ मोजायचं यंत्र आहे का विचारा. नसेल तर काम झालेलं नाही.

घरी चार्जिंग करणाऱ्यांसाठी : १५ अँपिअरचा साधा प्लग हा आठ-नऊ तास सलग भार घेण्यासाठी लोक बसवत नाहीत. गीझर वीस मिनिटं चालतो, गाडी रात्रभर. तासाभराने प्लगाला हात लावून बघा. कोमट ठीक, चटका बसला तर बंद करा आणि सॉकेट बदला. स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा) आणि मीटरपासून थेट चार स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची केबल. ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर ४०-४५ मीटरवर न्यायचा असेल तर मी दहाची टाकतो. सहाची चालेल म्हणणारे भेटतील, उन्हाळ्यात केबलला हात लावून मग बोला.

आगीबद्दल. जून २०२२मध्ये वसईत एक इलेक्ट्रिक गाडी जळाली, त्याचा व्हिडिओ आजही प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर फिरतो. बॅटरी पेटली तर विझवायला अवघड, हे खरंच. पण मी ज्या तळघरांत काम करतो तिथे मला भीती वाटते ती गाडीची नाही, खिडकीतून लोंबणाऱ्या एक्स्टेंशन बोर्डची. सोसायटीने परवानगी नाकारली की माणूस तेच करतो.

ऊर्जानगरवाली :

मी चंद्रपूरची. औष्णिक केंद्र दिसतं आमच्या गच्चीवरून, २९२० मेगावॅट. सकाळी वाळत घातलेला पांढरा शर्ट संध्याकाळी कसा असतो ते इथे येऊन बघा.

तुमचा धागा छान आहे, खड्ड्याची गोष्ट तर फारच. पण "धूर नाही" असं कुणी लिहिलं की मला हसू येतं. धूर आहे. तो मुंढव्याच्या पुलावर नाही एवढंच. हिरवी नंबरपाटी तुमच्याकडे, राख आमच्याकडे.

गावठी_गणिती :

@ऊर्जानगरवाली, मान्य. आकड्यांत बघू. आपल्या देशातल्या विजेमागे युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, कारण अजून बरीचशी वीज कोळशाचीच. सव्वासहा किलोमीटरने भागलं तर किलोमीटरला ११० ग्रॅमच्या वर. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो, १५ने भागलं की १५३. म्हणजे धूर संपत नाही, पाव हिश्श्याने घटतो. बॅटरी बनवतानाचा वेगळा. सोलरवर चार्ज केली तर चित्र बदलतं.

ऊर्जानगरवाली :

आकडे बरोबर असतील. पण सरासरी सगळ्या देशाची आणि राख एका तालुक्याची, हे तुमच्या भागाकारात कुठे बसतं?

(गाडी घेऊ नका असं म्हणत नाहीये. माझा भाऊ नागपूरला इलेक्ट्रिकच चालवतो. त्यालाही हेच ऐकवते.)

ठाण्याची_ठकी :

एक मुद्दा कुणीच लिहिला नाही, कारण बहुतेक लिहिणारे पुरुष आहेत.

मी ठाणे-पुणे एकटी चालवते, महिन्यातून दोनदा, कधी रात्री. पेट्रोल पंप रस्त्याला लागून असतो, उजेड असतो, चार माणसं असतात, पाच मिनिटांत बाहेर. चार्जर कुठे असतो? हॉटेलच्या मागे, जिथे ट्रक उभे असतात, पाण्याची टाकी असते आणि दिवा गेलेला असतो. तिथे पन्नास मिनिटं गाडीत दार लॉक करून बसायचं. एकदा रात्री साडेदहाला असं बसले होते, अॅपमध्ये चार्ज ४१ वर अडकला, मदत केंद्राचा माणूस म्हणाला "मॅडम, खाली उतरून लाल बटण दाबा." मी म्हटलं तुम्ही या आणि दाबा. ४१वरच निघाले, ताशी सत्तरने घर गाठलं.

आता नियम केलाय : दिवसा कुठेही, रात्री फक्त मॉल किंवा मोठ्या फूड मॉलच्या पुढच्या बाजूचा. त्यासाठी पंधरा किलोमीटर आधी थांबावं लागलं तरी चालेल. आणि प्रत्येक थांब्याला दुसरा पर्याय हातात ठेवते, वीस किलोमीटरच्या आतला.

घाटाचं पायरी_आंबा म्हणतात तसंच. पुण्याहून ठाण्याला येताना खंडाळा उतरतो, त्यामुळे पोचल्यावर टक्के जास्त उरतात. जाताना कमी. पहिल्या महिन्यात मला वाटायचं गाडी बिघडली.

राज्याच्या २०२५च्या धोरणात द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी आहे. द्रुतगतीचे एका बाजूचे ३२० मोजणाऱ्या माझ्यासारखीला हा आकडा गणितींच्या कोष्टकात हवा होता.

फ्योर्डवासी :

नॉर्वेतल्या ओस्लोहून. आमच्याकडे २०२४मध्ये विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांत शंभरातल्या ८९ इलेक्ट्रिक होत्या. भारतातून पाहुणे आले की म्हणतात, केवढे जागरूक लोक! जागरूक वगैरे काही नाही. पेट्रोल गाडीवर वर्षानुवर्षं जबर कर आणि इलेक्ट्रिकवर २०२५अखेरपर्यंत पाच लाख क्रोनरपर्यंत व्हॅट शून्य होता. आमचा व्हॅट २५ टक्के आहे, त्यावरून समजा. वीज जवळजवळ सगळी धरणांची, त्यामुळे ऊर्जानगरवालीताईंचा प्रश्न इथे उठत नाही.

तुमच्या सेक्रेटरींचा किस्सा वाचून सांगावंसं वाटलं, इथे सहकारी गृहसंस्थेत राहणाऱ्याला आपल्या जागी चार्जर लावण्याचा कायदेशीर हक्क आहे, संस्थेला ठोस कारण असल्याशिवाय नाही म्हणता येत नाही. आमच्या मीटिंगमध्येही एक काका आहेत. कायदा असूनही त्यांनी चार महिने घेतले. हा प्राणी सार्वत्रिक असावा.

उणे दहाला माझी ४२० जाणारी गाडी २९० जाते. केबल लावलेली असतानाच गाडी आतून गरम करून घ्यायची, म्हणजे ती वीज बॅटरीतली जात नाही. आणि ईस्टरला अख्खा देश डोंगरातल्या आपापल्या लाकडी घरांकडे निघतो, तेव्हा चार्जरला रांगा लागतात. त्याला इथे 'लाडेकू' म्हणतात, लाडे म्हणजे चार्ज, कू म्हणजे रांग. मला नेहमी गणपतीतला मुंबई-गोवा रस्ता आठवतो.

कट्ट्यावरचा :

अवांतर : एसटीची पहिली बस १ जून १९४८ला पुणे-नगर धावली आणि पहिली ई-शिवाई १ जून २०२२ला त्याच रस्त्यावर. ठाण्या-मुंबईहून पुण्याला आता ई-शिवनेरी आहे. घाटात टक्के वाढतात की उतरतात याची काळजी ड्रायव्हर करतो, आपण झोपायचं. माझ्यासारख्या आळशाला हाच पर्याय बरा. मूषकही खूश.

वाड्यातला_भाडेकरू :

प्रश्न. मी सदाशिव पेठेत भाड्याने राहतो. गाडी रस्त्यावर, जिथे जागा मिळेल तिथे, कधी दोन गल्ल्या सोडून. रोज तीस किलोमीटर. ऑफिसात चार्जर नाही. महिना बघता सगळे हिशोब माझ्या बाजूने आहेत, टेस्ट ड्राइव्हला तर प्रेमात पडलो. घेऊ का?

पायरी_आंबा :

@वाड्यातला_भाडेकरू, नका घेऊ.

माझ्या पहिल्या पाच महिन्यांचं वर्णन वरती आहे. ते तुमचं कायमचं होईल. दर चार-पाच दिवसांनी कामावरून दमून आल्यावर चार्जर शोधत जायचं, तिथे आधीचा माणूस ८० टक्क्यांनंतरही बसून राहिलेला असतो (८०च्या पुढे चार्जिंग रेंगाळतं, हे त्याला माहीत असतं, तरी बसतो), मग तासभर वाट बघायची आणि वर गणितींच्या हिशोबाने अडीचपट दर द्यायचा. हा धागा वाचून मला फोनवर विचारणाऱ्यांना मी आता गाडीचं काही विचारत नाही. रात्री गाडी कुठे उभी असते तेवढं विचारतो. स्वतःची जागा आणि तिथे अर्थ असलेला एक प्लग असेल तर पुढचं बोलू.

तुमचं घर बदलायचं असेल तेव्हा घरमालकाला नळाला पाणी किती वेळ येतं याच्या जोडीला हेही विचारा.

वाड्यातला_भाडेकरू :

स्पष्ट उत्तराबद्दल आभार. सेल्समनने "सर, सगळीकडे चार्जर झालेत" सांगितलं होतं.

नाशिकचा_चिवडा :

@वाड्यातला_भाडेकरू, सीएनजी. मी काही बोललो नाही.

तारतंत्री :

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी राहिलंच : बॅटरीची वॉरंटी बहुतेकांची ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते, पण दुसऱ्या मालकाला ती तशीच लागू आहे का ते कागदावर वाचा. बॅटरीचं आरोग्य किती टक्के उरलंय याचा अहवाल मागा. विकणारा "कशाला हवाय" म्हणाला तर तेच उत्तर समजा.

@पायरी_आंबा, तुमच्या खड्ड्याबद्दल विचारायचं होतं. जांभ्यात अर्थ टिकत नाही, एप्रिल-मेत जमीन कोरडी पडली की पुन्हा लाल दिवा येईल. पाणी कोण घालतं?

पायरी_आंबा :

सासरे. सकाळी विहिरीवर गेले की पहिली बादली खड्ड्याच्या पाइपात, दुसरी तुळशीला. मेमध्ये गेलो तेव्हा हिरवाच होता. आता म्हणतात केळीला घड मोठा आला तो त्या खड्ड्यामुळे. मिठाचं मी काही बोललो नाही.